विझत्या ताऱ्याची रोजनिशी

८ ऑगस्ट २०२१. आषाढातली दिव्यांची अवस. संध्याकाळी घराघरांत समया-निरांजने घासूनपुसून पाटावर मांडली गेली, कणकेचे दिवे उकडले गेले आणि ताटातून पोटात गेले. आपल्याकडे नऊ तारखेची पहाट व्हायच्या बेतात असताना आयर्लंडमध्ये अजून रात्र होती. तिथल्या कीथ गिअरी या हौशी निरीक्षकाला भुजंगधारी तारकासमूहात एक तारा जागचा उठलेला दिसला. एरवी अकराव्या प्रतीच्या आसपास पेंगत असणारा हा तारा त्या रात्री पाचव्या प्रतीचा झाला होता, म्हणजे गावाबाहेरच्या अंधारात नुसत्या डोळ्यांनी दिसण्याइतका. जवळजवळ त्याच वेळी ब्राझीलमध्ये अलेक्झांड्रे अमोरिम यांनीही तो टिपला. काही तासांत जगभरच्या निरीक्षकांचे फोन वाजू लागले.

माझाही वाजला. मी पुण्यात गच्चीवर गेलो, वर पाहिले, आणि खाली येऊन चहा टाकला. श्रावण लागला होता, आणि श्रावणातल्या पुण्याच्या आभाळाबद्दल अधिक काही लिहायची गरज नाही.

या ताऱ्याचे नाव आरएस ऑफियुकी. नाव रूक्ष आहे, कारण बदलत्या तेजाच्या ताऱ्यांना सापडतील तशी अक्षरे वाटत जायची जुनी पद्धत आहे. त्याचे असे स्फोट निश्चितपणे नोंदले गेलेली वर्षे सात: १८९८, १९३३, १९५८, १९६७, १९८५, २००६ आणि २०२१. पैकी चार स्फोट जूनअखेर ते ऑगस्ट या काळातले. आपल्या पावसाळ्याशी या ताऱ्याचे काही संगनमत असावे अशी शंका मराठी निरीक्षकाला येते, ती उगीच नाही.

तिथे नक्की काय होते? दोन तारे एकमेकांभोवती फिरतात आणि एका फेरीला त्यांना सुमारे ४५४ दिवस लागतात. एक फुगलेला तांबडा राक्षसी तारा, दुसरा पृथ्वीएवढ्या आकारात सूर्याहून जास्त वस्तुमान कोंबलेला श्वेत बटू. राक्षसाच्या अंगावरचा हायड्रोजन बटू स्वतःकडे ओढत राहतो. तो थर साचत जातो, तळाशी दाबला जातो, तापतो. साधा वायू तापला की फुगतो आणि फुगला की निवतो. बटूच्या पृष्ठावर पदार्थ इतका दाटलेला असतो की तो तापूनही फुगत नाही. शिट्टी अडकून बसलेल्या कुकरसारखी अवस्था होते. तापमान एका मर्यादेपलीकडे गेले की अणुसंमीलनाचा भडका उडतो आणि अख्खा थर सेकंदाला काही हजार किलोमीटर वेगाने बाहेर फेकला जातो. तारा मरत नाही. अंगावरचे ओझे झटकतो आणि पुन्हा ओढायला लागतो. असा भडकणारा तारा म्हणजे नोव्हा. बहुतेक नोव्हांना पुढच्या भडक्यासाठी हजारो वर्षे साचवावे लागते. आरएस ऑफियुकीचा बटू वस्तुमानाच्या कमाल मर्यादेच्या अगदी जवळ आहे, त्यामुळे त्याला दहा-वीस वर्षांची बेगमी पुरते.

वर्तमानपत्रांसाठी बातमी इथे संपते. ज्यांना नोव्हा कळून घ्यायचा असतो त्यांच्यासाठी ती इथे सुरू होते. भडका डोळे दिपवतो; आत काय चालले आहे ते मात्र तो विझू लागल्यावरच उलगडत जाते. आरएस ऑफियुकी भराभर मावळतो: पहिल्या आठवडाभरात दोन प्रती खाली, पंधरवड्यात तीन. तेजाच्या मापनात पाच प्रती म्हणजे शंभर पट. म्हणजे आठवड्यात तो सहा पटींनी मंद होतो आणि मूळ जागी पोचेपर्यंत अडीचशे पटींच्या पुढे जातो. दर खेपेला त्याची ही उतरण जवळपास सारखीच असते. १९३३ चा आलेख २०२१ च्या आलेखावर ठेवला तर एकावर एक बसतो. ज्याचे येणे बेभरवशाचे, त्याचे जाणे असे वेळापत्रकाबरहुकूम, ही मला या ताऱ्याची सगळ्यात लोभस खोड वाटते.

तेज मोजण्याची सगळ्यात जुनी रीत आजही वापरात आहे आणि तिला विजेचीही गरज नाही. नकाशा घ्यायचा. नोव्हाच्या शेजारी स्थिर तेजाचे दोन तारे शोधायचे, एक त्याहून थोडा उजळ, दुसरा थोडा मंद. समजा एक ४.८ प्रतीचा, दुसरा ५.३ चा. नोव्हा या दोघांच्या मधोमध वाटला की ५.० किंवा ५.१ लिहायचे. नकाशावर हे आकडे ४८, ५३ असे छापतात. दशांशचिन्ह देत नाहीत, कारण तो ठिपका अंधारात कोणाला ताराच वाटायचा! अनुभवी माणसाचा अंदाज दशांश-दोन दशांशाच्या आत येतो. मात्र कालचा आकडा मनात धरून बसायचे नाही. नवशिक्याची हमखास चूक हीच. काल ५.० होता म्हणजे आज ५.३ असणार, असे त्याला वाटते आणि मग तसेच दिसते.

पाच प्रती म्हणजे शंभर पट, ही फूटपट्टी १८५६ मध्ये मांडली नॉर्मन पॉग्सन यांनी. पुढे १८६१ पासून मृत्यूपर्यंत ते मद्रासच्या वेधशाळेत होते, आणि १८६३ च्या मे महिन्यात तिथूनच त्यांना वृश्चिकेत एक नोव्हा सापडला. तो यू स्कॉर्पी, आरएस ऑफियुकीसारखाच पुन्हा पुन्हा भडकणारा, आणि आजही भडकतो. ज्याने गज बनवला त्यालाच असले कापड मोजायला मिळावे, असा योग क्वचित येतो. भारतातल्या या परंपरेतले दुसरे नाव जेसोरच्या राधागोविंद चंद्र यांचे. सरकारी खजिन्यात नोकरी करणाऱ्या या बंगाली गृहस्थांनी १९१८ साली गरुड तारकासमूहातला तेजस्वी नोव्हा स्वतंत्रपणे हेरला. अमेरिकेतल्या बदलत्या ताऱ्यांच्या निरीक्षकांच्या संघटनेने नंतर त्यांना सहा इंची दुर्बीण धाडली, आणि ती पुढे खगोलशास्त्रज्ञ वेणू बाप्पूंकडे आली.

पण तेज म्हणजे फक्त ताप. दुखणे कळायचे तर रक्त तपासावे लागते, आणि ताऱ्याचे रक्त म्हणजे वर्णपट. १८६६ साली उत्तर मुकुटातला टी कोरोने बोरिआलिस हा तारा भडकला, तेव्हा लंडनच्या विल्यम हगिन्स यांनी त्याचा प्रकाश लोलकातून पसरून पाहिला. नोव्हाचा हा पहिला वर्णपट. सात रंगांच्या पट्ट्यावर हायड्रोजनच्या झळझळीत रेषा उमटल्या होत्या. तो वायू तापून स्वतः उजळला होता, हे त्या एका नजरेत कळले.

आज ही सोय हौशी माणसाच्या हातात आली आहे. मिलिमीटरमध्ये शंभर रेघा कोरलेली बोटभर रुंदीची काच कॅमेऱ्यापुढे बसवली तरी नोव्हाचा ढोबळ वर्णपट मिळतो. त्यात प्रथम डोळ्यांत भरते ती हायड्रोजनची तांबडी रेषा, ६५६३ अँगस्ट्रॉमची. विझू लागलेला नोव्हा दुर्बिणीतून गुलाबीसर दिसतो, तो याच रेषेमुळे. आणि ही रेषा रेषेसारखी नसतेच. ती फुगलेला डोंगर असते. स्फोटातला वायू काही आपल्याकडे, काही उलट दिशेला धावत असतो, म्हणून तिचा प्रकाश दोन्हीकडे ताणला जातो. डोंगराचा पायथा जितका रुंद तितका वेग जास्त. रेषा मध्यापासून २२ अँगस्ट्रॉम सरकली की सेकंदाला हजार किलोमीटर, असा हिशेब कागदाच्या कडेला करता येतो. कुठल्याशा गच्चीवर बसून हजारो प्रकाशवर्षांपलीकडच्या वायूचा वेग पेन्सिलीने काढायचा, यातली गंमत शब्दांत पकडणे अवघड आहे.

आरएस ऑफियुकीच्या बाबतीत हा डोंगर दर काही दिवसांनी बारीक होत जातो. इतर नोव्हांचा वायू मोकळ्या पोकळीत सुटतो. इथे मात्र शेजारी तांबडा राक्षस आहे, आणि त्याच्या अंगावरून सतत सुटणारा वारा साऱ्या परिसरात भरलेला आहे. बटूने फेकलेला वायू त्या वाऱ्यावर जाऊन आदळतो, त्याला ढकलतो, स्वतः मंदावतो. गर्दीत शिरलेल्या माणसाची चाल जशी पावलागणिक उतरते, तशी. २००६ च्या फेब्रुवारीत हा तारा भडकला तेव्हा आभाळ आपल्या बाजूने होते. अबूच्या पहाडावर गुरुशिखराला भौतिक संशोधन प्रयोगशाळेची १.२ मीटरची दुर्बीण आहे. तिथे राम कृष्ण दास, दीपंकर बॅनर्जी आणि एन. एम. अशोक यांनी अवरक्त प्रकाशातल्या रेषांची रुंदी दिवसामागून दिवस मोजली. पहिले चारेक दिवस धक्का जवळपास मोकळा धावत होता, मग तो दमत गेला. सुपरनोव्हाच्या अवशेषात ही गोष्ट घडायला शतके लागतात. ती इथे आठवड्यांत उरकते, आणि एकाच माणसाला तिचा आरंभ आणि शेवट दोन्ही पाहता येतात.

आता एका हिरव्या रेषेकडे येतो. खरे तर हा लेख तिच्यासाठीच लिहायला घेतला.

२२ जानेवारी १८९८. मुंबई-पुण्यात प्लेगची दहशत. अशात खग्रास सूर्यग्रहणाची सावली कोकणपट्टीवरून देश ओलांडून वऱ्हाडाकडे जाणार होती. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर आपला लवाजमा घेऊन विजयदुर्गला उतरले. पुणे-सोलापूर लोहमार्गावरच्या जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्पबेल आले. पुण्याच्या सायन्स कॉलेजातल्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला आपल्या मंडळींसह जेऊरलाच तळ ठोकून होते. खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटांची. तेवढ्यात चंद्राआड झाकलेल्या सूर्याभोवतीच्या प्रभामंडळाचा वर्णपट काचेवर उतरवायचा होता.

त्या वर्णपटात एक हिरवी रेषा असते. १८६९ च्या ग्रहणात ती पहिल्यांदा दिसली आणि पृथ्वीवरच्या कुठल्याच मूलद्रव्याशी जुळेना. तेव्हा शास्त्रज्ञांनी नवे मूलद्रव्य कल्पून टाकले, कोरोनियम. हीलियमच्या बाबतीत असा अंदाज खरा ठरला होता, त्यामुळे कोरोनियमवर विश्वास बसायला जड गेले नाही. रेषेची जागासुद्धा जवळजवळ तीस वर्षे थोडी चुकीची धरली जात होती. १८९८ च्या ग्रहणातल्या मोजमापांनी ती दुरुस्त झाली: ५३०३ अँगस्ट्रॉम. त्या दुरुस्तीत महाराष्ट्रातल्या माळरानांवर काढलेल्या काचांचा वाटा आहे.

त्याच वर्षी, जूनच्या अखेरीस, आरएस ऑफियुकी भडकला. कोणीच पाहिला नाही. हार्वर्डच्या वेधशाळेत रोज आकाशाचे फोटो काढून काचा रचून ठेवत, त्यात तो आपोआप टिपला गेला. काही वर्षांनी त्या काचा चाळताना विल्यमिना फ्लेमिंग यांच्या ते लक्षात आले. वेधशाळेच्या संचालकांकडे मोलकरीण म्हणून लागलेल्या या बाईंनी पुढे वर्णपटांचे अख्खे खाते सांभाळले. हिरव्या रेषेची नेमकी जागा आणि हा तारा, दोन्ही एकाच वर्षी काचांवर उतरले. एकीचा दुसऱ्याशी काही संबंध असेल हे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

पस्तीस वर्षे गेली. १९३३ च्या ऑगस्टमध्ये इटलीत बोलोन्याच्या एपे लोरेता यांना हा तारा पुन्हा उजळलेला दिसला. कॅलिफोर्नियात माउंट विल्सनवर वॉल्टर अॅडम्स आणि आल्फ्रेड जॉय यांनी मावळत्या ताऱ्याचे वर्णपट घेतले. तारा विझता विझता त्यात नव्या रेषा उगवल्या, आणि त्यातली एक ५३०३ वर होती. सूर्याबाहेर ही रेषा पहिल्यांदाच दिसली. कोरोनियम फक्त सूर्यापाशी नव्हते तर!

उत्तर यायला आणखी काही वर्षे लागली. १९३९ च्या सुमारास वॉल्टर ग्रोट्रियान यांनी धागा दिला आणि त्यामागोमाग स्वीडनच्या बेंग्त एड्लेन यांनी कोडे सोडवले. कोरोनियम नावाचे काही अस्तित्वात नाही. ते आपले लोखंडच आहे, तेरा इलेक्ट्रॉन गमावलेले. इतके इलेक्ट्रॉन उपटायला दहा-वीस लाख अंश तापमान लागते. म्हणजे सहा हजार अंशांच्या सूर्यपृष्ठावर लाखो अंशांचे प्रभामंडळ बसले आहे, हा धक्का सूर्याच्या अभ्यासकांना बसला. नोव्हाच्या अभ्यासकांना त्यातून समजले की राक्षसाच्या वाऱ्यावर आदळणारा वायू तितकाच तापतो. हिरवी रेषा म्हणजे त्या टकरीचा तापमापक.

२०२१ मध्येही ती उगवली. पहिल्या दिवसांत नव्हती. तिसरा-चौथा आठवडा लागला, बाहेरचा प्रकाश ओसरला, आणि तिने डोके वर काढले. जेऊरच्या मंडळींनी ज्या रेषेसाठी दोन मिनिटांची झुंबड केली, ती आता कोणी फ्रान्समधल्या परसदारी आठवडाभर निवांत मोजत होते. नायगमवालांची वीस इंची दुर्बीण ते निवृत्त झाल्यावर कोडाईकनालला गेली आणि पुण्याची वेधशाळा बंद झाली. या वाक्यापुढे मला दर वेळी थोडा वेळ थांबावे लागते.

नोव्हा मावळताना आणखी एक घोळ होतो, आणि त्यावर निरीक्षकांत दर खेपेला भांडणे लागतात. सुरुवातीला नोव्हाचा प्रकाश सगळ्या रंगांत पसरलेला असतो, तेव्हा कोणीही कशानेही मोजला तरी आकडे जुळतात. मग हा पसरट प्रकाश ओसरतो आणि उरलेसुरले तेज मोजक्या रेषांत गोळा होते. गाळणी न लावलेला कॅमेरा तांबडी हायड्रोजन रेषा अधाशासारखी पितो आणि तारा उजळ सांगतो. अंधाराला सरावलेला डोळा तांबड्याच्या बाबतीत आंधळाच, तो मंद सांगतो. अनेक नोव्हांत पुढे ५००७ अँगस्ट्रॉमवर ऑक्सिजनची हिरवट रेषा जोर धरते. ती प्रमाणित गाळणीच्या उतरत्या कडेवर येते, आणि प्रत्येकाच्या गाळणीची कड केसभर वेगळी. त्यामुळे एकाच रात्री, एकाच ताऱ्याचे, तीन प्रामाणिक माणसांचे तीन आकडे. कोणीच खोटे बोलत नसते. आकड्याशेजारी तो कशाने मोजला हे लिहिले नसेल तर आकडा फुकट, एवढाच याचा अर्थ.

आणि पावसाळा? त्याला उत्तर जुन्नर तालुक्यात आहे. नारायणगावाजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत पसरल्या आहेत. गोविंद स्वरूप यांनी उभारलेली ही जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप. रेडिओ लहरींना ढग म्हणजे काचच. टोमॅटोच्या आणि द्राक्षांच्या शेतांमध्ये श्रावणसरी कोसळत असतानाही या तबकड्या ऐकू शकतात. २००६ च्या स्फोटानंतर विसाव्या दिवशी निमिषा कंथारिया, जी. सी. अनुपमा आणि सहकाऱ्यांनी इथून ६१० मेगाहर्ट्झवर आरएस ऑफियुकीचा आवाज पकडला, आणि अडतिसाव्या दिवशी ३२५ वर. इतक्या कमी कंप्रतेवर तो आधी कोणालाच ऐकू आला नव्हता. १९८५ च्या स्फोटात तर ३२७ मेगाहर्ट्झवर सहासष्टाव्या दिवशीही शुकशुकाट होता.

यात क्रम बघण्यासारखा आहे. धक्क्यापुढचा आयनीभूत वारा पांघरुणासारखा असतो आणि कमी कंप्रतेच्या लहरी त्यात आधी गुदमरतात. धक्का बाहेर सरकेल तसे पांघरूण विरते, आणि आधी वरचे, मग खालचे सूर मोकळे होतात. डोळ्यांना तारा मावळत असतो तेव्हा रेडिओत तो उगवत असतो. १९८५ पेक्षा २००६ मध्ये ते पांघरूण विरळ असावे, असा अर्थ खोडदच्या नोंदींवरून काढला गेला. २०२१ मध्ये, भर पावसात, सुधारलेल्या यंत्रणेनिशी खोडदने त्याला पुन्हा ऐकले. त्याच दिवसांत नामिबियातल्या हेस आणि कॅनरी बेटांवरच्या मॅजिक या दुर्बिणींनी त्याच्याकडून अतिशय ऊर्जावान गॅमा किरण पकडले. कुठल्याही नोव्हाकडून असे किरण मिळाल्याची ती पहिली वेळ होती. एका टोकाला गॅमा किरण, दुसऱ्या टोकाला मीटरभर लांबीच्या लहरी, मध्ये आमचे डोळे, आणि डोळ्यांवर ढग.

ऑक्टोबरात पाऊस परतला. दसऱ्यानंतरच्या एका संध्याकाळी मित्राच्या शेतावर आठ इंची दुर्बीण लावली. भुजंगधारी पश्चिमेला झुकला होता, क्षितिजावर साखर कारखान्याचा उजेड. नकाशा दोनदा उलटा धरला, तिसऱ्यांदा सुलटा. मग तो सापडला: नवव्या-दहाव्या प्रतीच्या मधला, शेजाऱ्यांहून किंचित तांबूस, एरवी ज्याच्याकडे कोणी ढुंकून पाहिले नसते असा ठिपका. मित्राचे वडील बराच वेळ दुर्बिणीला डोळा लावून होते. "हा विझलाय ना पण?" त्यांनी विचारले. विझतोय, मी म्हटले. "मग तेव्हाच बोलवायचं की, पेटला होता तेव्हा." आणि ते म्हशीकडे गेले.

त्यांचे चुकले नाही. पेटताना पाहण्याची हाव कोणाला नसते? ओहायोतल्या लेस्ली पेल्टियर यांनी टी कोरोने बोरिआलिसवर पंचवीस वर्षे पहारा दिला. १९४६ च्या फेब्रुवारीतल्या एका पहाटे गजर लावून ते उठले, सर्दीची कणकण वाटली, पुन्हा पांघरुणात शिरले, आणि नेमका त्याच रात्री तो भडकला. त्यानंतर त्या ताऱ्याशी आपले संबंध पूर्वीसारखे राहिले नाहीत, अशी कबुली त्यांनी आपल्या आत्मकथनात दिली आहे. पाहणे मात्र सोडले नाही. २०२४ पासून जगभरचे निरीक्षक त्याच ताऱ्याच्या पुढच्या भडक्यासाठी उत्तर मुकुटाकडे डोळे लावून बसले, तेव्हा पेल्टियर यांचा किस्सा प्रत्येक गटात एकदा तरी सांगितला गेला.

शेतावरच्या त्या संध्याकाळी मी ९.६ लिहिले. पुढे दोन वेळा जमले, दोन्ही आकडे उतरते. नोव्हेंबरात तारा कारखान्याच्या उजेडात बुडाला, आणि डिसेंबरात सूर्यच त्या समूहात जाऊन बसला. दर वर्षी हे होते, आणि त्या आडोशाला आरएस ऑफियुकीचे एखाददोन भडके न दिसता उरकले असावेत असा संशय आहे. १९०७ आणि १९४५ ही साले त्यासाठी घेतली जातात. फेब्रुवारीच्या पहाटे तो पूर्वेला पुन्हा वर आला तेव्हा अकराव्या प्रतीपाशी होता. वहीत त्या तारखेपुढे आकडा आहे, वापरलेल्या दुर्बिणीचे माप आहे, आणि कडेला म्हशीने हंबरल्याची नोंद आहे, जिचा उपयोग कोणालाच नाही.